गढीतली दुसरी कमान

बोरगव्हाणात घर बांधायचं ठरलं की माणसं आधी पंचांग बघतात आणि मग आश्रुबा गवंड्याकडे जातात. दोघांच्या तारखा जुळल्या नाहीत तर मुहूर्त पुढे ढकलतात, आश्रुबाला नाही. एकोणसत्तर वर्षांचा हा माणूस. अंगाने वाळका, बोलायला फटकळ, आणि कामात असा, की भिंतीत केसाएवढा बाक राहिला तर घरमालकाने गप्प बसावं पण ह्याने बसू नये. सख्ख्या मेव्हण्याच्या घराची कमरेएवढी आलेली भिंत त्याने एकदा पाडून परत बांधली होती. मेव्हणा रुसला, तर हा म्हणाला, "राग उतरतो बाबा, भिंत न्हाई उतरत."

असा माणूस गेल्या हिवाळ्यात दीड महिना पार गोंधळून गेला. एवढा, की चौसाळ्याला लेकीकडे जायला निघाला, मांजरसुंब्याला उतरायचं विसरला आणि थेट बीडच्या बसस्टँडवर जाऊन पोचला. तिथे तासभर बसून राहिला. कशाला आलो होतो ते आठवल्यावरही उठला नाही.

ह्या गोंधळाचं मूळ गढीत होतं.

युसूफ वडगावहून आत वळलं की सात-आठ किलोमीटरवर बोरगव्हाण. गावाच्या उंचावर देशमुखांची गढी आहे. अहमदनगरच्या निजामशाहीत कुणा देशमुखाला पाच गावांचं वतन मिळालं, त्याने ती बांधली असं सांगतात. चार कोपऱ्यांना चार बुरूज. खाली छातीपर्यंत घडीव काळा दगड आणि त्यावर पांढऱ्या मातीचा तट, वरून बैलगाडी जाईल एवढा रुंद. दरवाजातून आत शिरलं की सरळ चौक लागत नाही. दोनदा वळावं लागतं, आणि प्रत्येक वळणावर भिंतीत बंदुकीची नळी बसेल एवढी भोकं. चौकाच्या पलीकडे देवघराचा सोपा. त्या सोप्याच्या मागच्या भिंतीत ओळीने पाच कमानी, माणूस उभा राहील एवढ्या उंच आणि हातभर खोल, वर महिरप काढलेल्या. एकेका कमानीत एकेक देव असायचा.

देशमुख मंडळी चाळीस वर्षांपूर्वी देवांसकट बीडला राहायला गेली. राजकारण बीडला असतं, गढीत नुसती वटवाघळं. मग भूकंपाच्या साली पाचांतल्या चार कमानी कोसळल्या. एक तेवढी उभी राहिली.

तीन वर्षांपूर्वी सरकारी योजनेत गढीचं नाव लागलं आणि सायली आली. संभाजीनगरची पोरगी, तिशी-बत्तिशीची, जुन्या इमारती मुळात होत्या तशा उभ्या करायचं शिक्षण घेतलेली. डोक्यावर टोपी आणि खिशात दोन रंगांचे खडू. तिचा नियम एकच होता. जे मूळचं त्यावर निळा गोल, ते राखायचं. जे मागाहून घातलेलं त्यावर लाल फुली, ते काढून टाकायचं. ग्रामपंचायतीने बुरुजाला चिकटवलेला संडास, फुली. शाळेची पत्र्याची खोली, फुली. कुणा पुढाऱ्याने तटाला लावलेलं सिमेंट, मोठी फुली. पारावरचे म्हातारे एकमेकांना सांगायला लागले, की गढीत लई येळ एका जागी बसू नका, बाई फुली मारती.

गेल्या हिवाळ्यात देवघराच्या कमानींची पाळी आली, तेव्हा तिला चुन्याचं काम जाणणारा गवंडी पाहिजे होता. गावाने आश्रुबाचं नाव सांगितलं. आश्रुबाने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ती जुन्या भिंतीतल्या चुन्याचा खडा तळहातावर घेऊन आली आणि म्हणाली, "काका, यात काय काय घातलंय, एवढं तरी सांगा." आश्रुबाने खडा जिभेला लावला. "हिरडा हाय. बेलफळ हाय. गूळ कमी पडला." आणि सकाळी थापी, ओळंबा घेऊन गढीवर हजर झाला.

दरवाजातून आत जाताना त्याचे पाय जरा अडखळले. दोन वळणं घेऊन तो चौकात आला, सोप्यात शिरला, आणि सायलीने त्याला त्या एकुलत्या कमानीपुढे उभं केलं. कमानीवर निळा गोल होता.

"ही चार नंबरची. सगळ्या गढीत हीच एक कमान मुळातली राहिलीय, चारशे वर्षांपूर्वीची. बाकीच्या चार तुम्हाला हुबेहूब हिच्यासारख्या करायच्यात."

आश्रुबा बघतच राहिला. महिरप दोन्ही अंगांना सारखी उतरली होती. कळीचा दगड असा बसला होता की त्याला कुणी हात लावायची हिंमत करू नये. एवढी देखणी कमान त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. आणि त्याच्या मनात आलं, ही आपण तर नाही बांधली?

आता कुणी म्हणेल, आपण बांधलेली कमान आपल्याला ओळखू येत नाही, हा कसला गवंडी. तर ते असं झालं होतं.

अठ्ठ्याहत्तर साल. नामांतरावरून मराठवाड्यात गावोगाव घरं पेटली ते साल. बोरगव्हाणात आग लागली नाही, पण बौद्धवाड्याशी गावाचं बोलणं तुटलं होतं. त्यात भादव्यात आठ दिवस झड लागली आणि देवघराची मागची भिंत एका कमानीसकट बाहेरच्या बोळात येऊन पडली. नवरात्र तोंडावर आलेलं. केजचा गवंडी दुसऱ्या कामात अडकला होता. चुन्यात कमान बांधणारा हात पंचक्रोशीत एकच उरला, तो बौद्धवाड्यातल्या नाथाचा, आश्रुबाच्या बापाचा. म्हाताऱ्या देशमुखापुढे इकडे आड तिकडे विहीर. शेवटी त्याने निरोप धाडला. काम कर, पण दारातून यायचं नाही आणि भिंतीच्या आत पाऊल टाकायचं नाही. बोळात उभं राहून बाहेरून बांधायचं.

भिंत बाहेरून बांधता येते. पण ह्या कमानीचं तोंड आतल्या बाजूला. म्हणजे दगड पुढे ढकलायचा, हात लांबवून बसवायचा, आणि तो आतून कसा दिसतो ते अंदाजानेच समजून घ्यायचं. नाथाने ते केलं. बावीस वर्षांचा आश्रुबा त्याला दगड देत होता. आधी आतली बाजू रचली, मग पोटातली भर, मग बाहेरची बाजू, आणि बापलेक एकेक थर बोळातल्या बोळात मागे सरत गेले. कमान बांधताना तिच्याखाली मातीचा भराव लागतो, त्याला ढोला म्हणतात. ढोला काढल्यावर कमान स्वतःच्या बळावर उभी राहते की नाही ते कळतं. गवंड्याच्या जन्मातला तोच खरा क्षण. तो ढोला देशमुखाच्या गड्याने आतून काढला. नाथा भिंतीपलीकडे बोळात, कान लावून उभा होता.

"ऱ्हायली का?" नाथाने विचारलं.

"ऱ्हायली," आतून आवाज आला.

"दिसती कशी?"

"कमानीवानी."

मग आतून पाणी शिंपडल्याचा आवाज आला आणि गोमूत्राचा वास बाहेरपर्यंत. नाथाचे हात जिथे लागले होते ती भिंत शुद्ध करून घेत होते. नाथाने थापी, ओळंबा उचलला. पुढे दहा वर्षं जगला, पण त्या पाण्याबद्दल त्याने कधी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. फक्त मधूनच विचारायचा, "आश्रू, म्हयरप दोन्ही अंगाला सारखी उतरली असंल का रं?"

गढी ओस पडल्यावर शेळ्या आत गेल्या, पोरं गेली, जुगारी गेले. आश्रुबा गेला नाही. ज्या दारातून बापाला बोलावलं नाही, ते दार मोडून पडलं म्हणून आपण जायचं, हे त्याला जमलं नाही. अभिमान म्हणा, दुखणं म्हणा.

म्हणून आज तो पहिल्यांदाच कमानीचं तोंड बघत होता. आणि त्याला ओळखीचं माणूस परक्या गावात दिसल्यासारखं झालं.

त्याने मनात हिशेब मांडला. आपण बांधली ती दुसरी. बाई म्हणती ही चौथी. म्हणजे ही आपली नव्हे. सुटलो. अर्धा दिवस तो निवांत होता. दुपारी भाकरी खाता खाता घास हातातच राहिला. आपण मोजली होती बोळातून. बोळातून दुसरी ती आतून चौथीच की! तो उठून बोळात गेला, पावलं मोजली. आत आला, पावलं मोजली. पण दुसरी म्हणजे लिंबाच्या अंगाने दुसरी, आणि लिंब कधीच तुटलेला. लिंब वरच्या टोकाला होता की खालच्या? त्याने तीन जणांना विचारलं. एक म्हणाला वरच्या, एक म्हणाला खालच्या, आणि तिसरा म्हणाला, "लिंब कुठला, चिच व्हती तिथं."

आश्रुबाला त्या रात्री जेवण गोड लागलं नाही.

त्याला हे नुसतं कुतूहल म्हणून पाहिजे नव्हतं. कमान आपली असेल आणि आपण तसं सांगितलं, तर बाई निळा गोल पुसणार आणि लाल फुली मारणार. सत्तेचाळीस वर्षांची कमान म्हणजे मागाहून घातलेली, संडासाच्या रांगेतली. बापाचं सगळ्यात चांगलं काम आपल्याच तोंडाने पाडायचं. आणि सांगितलं नाही, तर ती उभी राहणार, पण कुणा देशमुखाच्या, चारशे वर्षांपूर्वीच्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पण सुटका झाली. निदान तसं वाटलं. चार नव्या कमानींचं काम सुरू करायच्या दिवशी सायली त्याला चौथीपाशी घेऊन गेली आणि दगडांमधल्या सांध्यांवर बोट फिरवलं. सगळ्या सांध्यांतून चुना बाहेर फुगून आला होता आणि तसाच गाठी होऊन वाळला होता.

"हे नीट बघा काका. इथल्या कारागिरांची ही खास शैली दिसतेय. सांधे मुद्दाम उठावदार ठेवलेत. मी दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही. नव्या कमानींत अगदी असेच पाहिजेत."

आश्रुबा तिच्याकडे बघायला लागला. "मॅडम, हे घाण काम हाय. दगड बसवला की चुना भाईर येतो, तो लगीच अंगठ्यानं पुसून घ्यायचा असतो. आमच्या बापानं असा सांधा बघितला असता तर कानफाडात दिली असती."

"शैली आहे ती," सायली हसून म्हणाली.

आश्रुबाला मनातून गुदगुल्या झाल्या. झालं तर मग! नाथाच्या हातची असती तर असला सांधा राहिलाच नसता. कमान आपली नाहीच. कुण्या चारशे वर्षांपूर्वीच्या आळशी गवंड्याची असेल. घरी येऊन त्याने केशरबाईला सांगितलं, दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि ढाराढूर झोपला. मात्र पहाटे उठून बसला आणि त्याला कुठेतरी वाईटही वाटलं. नाही म्हटलं तरी, ती आपली असावी असं वाटतच होतं.

काम चालू झालं. तीन कमानी उभ्या राहिल्या. पण ते घाण सांधे काढणं म्हणजे त्याला शिक्षाच होती. दगड बसला, चुना बाहेर आला, की अंगठा आपोआप पुसायला जायचा. पन्नास वर्षांची सवय ती, बाईच्या शैलीला काय ऐकते! दिवसातून वीसदा तो स्वतःच्याच हाताला शिव्या द्यायचा. शेवटच्या कमानीच्या वेळी तर वैतागला. मागची भिंत अजून उघडीच होती. त्याने विचार केला, आपण पलीकडून उभं राहून दगड ढकलावे, म्हणजे अंगठा पोचणारच नाही आणि कटकट मिटेल. तो बोळात गेला, हात लांबवून सहा-सात दगड बसवले आणि वळसा घालून दारातून आत बघायला आला.

चौथ्या कमानीत होत्या तशाच गाठी. तस्साच फुगवटा, तशीच खाली ओघळलेली चुन्याची लाळ.

आश्रुबा तिथेच दगडाच्या ढिगावर बसला. बाप आळशी नव्हता. बापाचा अंगठा आत पोचला नव्हता.

ते सहा-सात दगड त्याने काढून आतून पुन्हा बसवले. आता कमान कुणाची ह्यात शंका उरली नाही, आणि नेमका तेव्हाच खरा गोंधळ सुरू झाला. चार दिवसांनी मुंबईची समिती बघायला येणार होती. समितीने शिक्का मारला की दारावर संगमरवरी पाटी लागणार होती, 'मूळ कमान, अंदाजे इसवी सन १५९५'. पाटीचा दगड येऊनही पडला होता.

त्याने केशरबाईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"गप ऱ्हावा," ती म्हणाली. "सांगितलं तर पाडतेत. सासऱ्याच्या हातची कमान हाय, उभी तर ऱ्हाऊ द्या. नाव कुणाचं का लिवंनात. तुमाला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय, बास झालं."

हे त्याला पटलं. मग त्याने लेकीला फोन लावला. आम्रपाली चौसाळ्याला राहते आणि बीडच्या कोर्टात वकिली करते.

"बाबा, कावून गप बसायचं?" ती फोनवर तापली. "आज्याला दारातून येऊ दिलं न्हाई, आन् आता त्याचं कामबी त्यांच्याच नावावर? पाडली तर पाडली. पण खरं सांगून पाडू द्या."

हेही त्याला पटलं. दोन्ही पटलं म्हणूनच तर पंचाईत. तिच्याशी समोरासमोर बोलावं म्हणून तो दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसला आणि बीडला जाऊन पोचला ते हेच. लेक कोर्टात होती, दहा मिनिटांवर. तो तिकडेही गेला नाही. सारखं तेच मनात येत होतं, मी पाडायला सांगतोय बापाला. आणि लगेच दुसरं, मी विकायलोय बापाला. संध्याकाळच्या गाडीने तो परत आला.

समिती यायच्या आदल्या सकाळी त्याने सायलीला सांगितलं.

तिने आधी मानलंच नाही. "काका, चुना प्रयोगशाळेत तपासलाय. त्यातला माल चारशे वर्षांचा निघालाय."

"निघंलच. पडलेल्या भिंतीचा चुना बापानं कुटून नव्या चुन्यात घातला व्हता. आमची रीतच हाय ती. जुन्यानं नवा लवकर धरतो."

"आणि हे सांधे?"

आश्रुबाने तिला बोळात नेलं. बाहेरून हात लांबवून दाखवला, अंगठा कुठपर्यंत पोचतो ते. मग का आत येता आलं नाही तेही सांगितलं. सायलीनेही तसाच हात लांबवून बघितला. मग टोपी काढून म्हणाली, "काका, मी या सांध्यांवर चौदा पानं लिहिलीत."

"चांगलीच लिवली असतील," आश्रुबा म्हणाला. त्याला तिची दया आली.

"नियमाने मला हिच्यावर फुली मारावी लागेल. समितीला मी सांगू की तुम्ही सांगता?"

"मला इचार करू द्या मॅडम. मलाच अजून उमगंना."

समिती आली. तिघे जण, त्यात पांढऱ्या केसांचे एक मोठे साहेब. त्यांना गढी दाखवायला खुद्द विजयसिंह देशमुख बीडहून आला होता, म्हाताऱ्या देशमुखाचा नातू. चाळिशीचा, गोड बोलणारा, कडक कपड्यांतला. आश्रुबाला त्याने "काय काका, तब्येत?" असं आपुलकीने विचारलंही. माणूस वाईट नव्हता, बोलायला लागला की थांबत नव्हता एवढंच. बुरूज झाले, तट झाला, दरवाजाच्या वळणांत शत्रू कसा अडकायचा ते झालं. मग तो देवघराच्या सोप्यात कमानीपुढे उभा राहिला.

"आणि हे आमच्या घराण्याचं वैभव. आमच्या पूर्वजांनी लांबून कारागीर आणले होते असं घरात सांगतात. हे सांधे बघा सर, मुद्दाम उठावदार ठेवलेत. ओल चढू नये म्हणून. केवढा विचार!"

आश्रुबा खांबापाशी उभा होता. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. केशर म्हणते ते खरं की आम्रपाली म्हणते ते, हे त्याला त्या क्षणीही ठरवता आलं नव्हतं. मोठ्या साहेबांनी त्याच्याकडे वळून सहज विचारलं, "नव्या चार तुम्ही केल्यात ना? असे सांधे काढणं जड गेलं असेल."

"लई जड गेलं साहेब," आश्रुबा म्हणाला. आणि थांबायचं म्हणत असतानाच पुढचं तोंडातून निघून गेलं. "कारण त्यो इचार न्हाई, ती मनाई हाय."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"ही कमान माहा बाप नाथा आन् म्या बांधली. अठ्ठ्याहत्तर साली. आमी त्या तिकडं बोळात उभे व्हतो. आत पाय ठिवायचा न्हाई असं सांगितलं व्हतं. चुना ह्या अंगाला आला तो पुसायला कुणी नव्हतं. म्हणून त्यो तसाच ऱ्हायला. बांधून झाल्यावर ह्या भित्ताडावर गोमूत्र शिंपडलं. माहा बाप मरंपतूर इचारीत व्हता, महिरप सारखी आली का म्हणून. त्यानं ही कमान बघितलीच न्हाई साहेब. मीबी आत्ता दीड महिन्यामागं बघितली."

विजयसिंहाने खिशातून मोबाइल काढला, बघितला, परत ठेवला. "आजोबांच्या वेळचं... मला यातलं काहीच माहीत नव्हतं," तो म्हणाला. ते खरंही असेल.

मोठे साहेब कमानीजवळ गेले. एका गाठीवर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग म्हणाले, "नियमाने ही काढावी लागेल, तुम्हाला कल्पना आहे? तुमचं काय म्हणणं आहे?"

"मला कळंना साहेब," आश्रुबा म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "उभी ऱ्हावी असंबी वाटतं. लबाडीनं ऱ्हाऊ नये असंबी वाटतं."

समितीने निर्णय पत्राने कळवू असं सांगितलं आणि चहा न घेता निघून गेली. गावात दोन तट पडले. एक म्हणे, आश्रुबाने गावाच्या गढीची अब्रू घालवली. दुसरा म्हणे, आश्रुबाने स्वतःच्या हाताने बापाच्या कामावर कुऱ्हाड मारली. गंमत अशी की दोन्ही तटांनी त्याला मूर्खच ठरवलं, आणि आश्रुबाला वाटे, दोघांचंही बरोबर असेल. केशरबाई चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ते एवढंच, "तुमच्या जागी मी असते तर मलाबी गप बसवलं नसतं."

वीस-बावीस दिवसांनी पत्र आलं. सायलीने सोप्यात उभं राहून ते वाचून दाखवलं. कमान पाडायची नव्हती. राखायची होती, पण मुळातली म्हणून नाही, तर जशी बांधली गेली तशी. पाटीवरचा मजकूर समितीनेच लिहून पाठवला होता: 'ही कमान नाथा व त्यांचे पुत्र आश्रुबा, राहणार बोरगव्हाण, यांनी इ. स. १९७८ मध्ये बाहेरून बांधली. त्यांना आत प्रवेश नव्हता.'

आश्रुबाने ते तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं.

"विजयसिंहदादांचा फोन होता," सायली कागद घडी करत म्हणाली. "शेवटचं वाक्य तेवढं गाळता येईल का, विचारत होते. मी म्हटलं, मजकूर समितीचा आहे, मला हात लावता येत नाही."

तिने खिशातून खडू काढला, मग काय करावं ते न कळून परत ठेवला. ह्या कमानीवर ना गोल बसत होता ना फुली. मग तिला दुसरीच अडचण आठवली. शेजारच्या चार नव्या कमानी तिच्याच हुकमाने फुगलेल्या सांध्यांच्या झाल्या होत्या.

"ही शैली नव्हतीच, म्हणजे त्या चारींचे सांधे साफ करावे लागतील. पण पाच सारख्या दिसायला पाहिजेत काका. या चौथीचेही सांधे आता खरवडून साफ करू या का? आता तुम्हाला आतून हात पोचतो. नाथाबाबांचंही काम नीट पुरं होईल."

आश्रुबा चौथ्या कमानीपुढे गेला. अंगठा एका गाठीवर टेकवला. थापीचा एक टोला दिला असता तर गाठ निघाली असती, कुणी अडवलं नसतं. मग त्याने हात मागे घेतला आणि थापी उचलून पहिल्या कमानीकडे वळला.

"बापाचं जसं हाय तसं ऱ्हाऊ द्या, मॅडम. ह्या चार पुसून घेतो. ह्या म्या आतून बांधल्यात."